भाद्रपद ते कोजागरी: नाशिकमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन नाशिकला आलेल्या माणसाला पहिल्या वर्षी शहर म्हणजे द्राक्षे, मिसळ आणि त्र्यंबकेश्वर एवढेच वाटते. त्यातली द्राक्षे जानेवारीच्या पुढची. भाद्रपद-आश्विनात बागेत गेलात तर घड दिसणार नाहीत, गोडी छाटणीची (फळ धरण्यासाठीच्या छाटणीची) लगबग दिसेल. या दिवसांतले नाशिक बघायचे ते गल्लीत, नदीकाठी आणि सप्तशृंगीच्या गडावर. पोळ्यापासून कोजागरीपर्यंतचा हा साधारण दीड महिना. त्यात कुठे आधी जावे, कुठे उशिरा, कुठे गाडी अजिबात नेऊ नये आणि मुलांना कुठे नक्की न्यावे, ते क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच माझे एक ठाम मत. सणाचा मुख्य दिवस हा नवख्या माणसाने बघायला जाण्याचा दिवस नव्हे. त्या दिवशी गर्दीच दिसते. आदल्या किंवा मधल्या दिवशी गेलात तर देवही दिसतो, माणसेही भेटतात आणि चार गोष्टी विचारता येतात. आणि एका तरी ठिकाणी हातभार लावा. आरतीच्या वेळी प्रसाद वाटायला, निर्माल्य गोळा करायला, रांग लावायला मंडळांना माणसे कायम कमी पडतात. काम मागितलेत तर कोणी नाही म्हणत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या गल्लीत तुम्हाला नावाने हाक मारतात.

आधी दिनदर्शिका, मग पावसाचा अंदाज

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण उशिरा आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, दसरा २० ऑक्टोबरला आणि कोजागरीची रात्र २५ ऑक्टोबरला. गावाकडे जायचे आरक्षण, मुलांच्या सहामाही परीक्षा, ऑफिसची रजा हे सगळे या पाच तारखांभोवती बसवा.

२०२७ च्या पावसाळ्यात नाशिकला सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या (मुख्य स्नानाचे दिवस) आहेत. त्यातली ११ सप्टेंबर २०२७ ची पर्वणी गणेशोत्सवातच येते. त्यामुळे त्या वर्षी रामकुंडाच्या (गोदावरीतल्या स्नानाच्या कुंडाच्या) बाजूला सहज म्हणून फेरी मारता येणार नाही. गणपती, नवरात्र निवांत बघायचे असेल तर ते २०२६ मध्येच बघून घ्या. सिंहस्थाच्या कामांमुळे गंगाघाटाकडचे रस्ते अधूनमधून बदलतात, एवढे मात्र धरून चाला. (गंगा म्हणजे गोदावरी. इथे ‘गंगेवर भेटू’ म्हणाले की रामकुंडाचा काठ समजायचा.)

भाद्रपदातला पाऊस नाशिकला फसवा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की काही तासांत घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. जुने नाशिककर पुराचे माप दुतोंड्या मारुतीवरून काढतात. गंगाघाटावरच्या या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, अशी बातमी शहरभर फिरते. तुम्हीही हेच माप ठेवा. मारुतीच्या पायाशी पाणी आले असेल तर त्या दिवशी मुलांना घेऊन घाटावर उतरू नका, पुलावरून नमस्कार करून परत फिरा. ऑक्टोबरमध्ये गणित उलटे होते. दुपारी ऊन चटका देते आणि रात्री अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते.

पोळ्याला शहराच्या कडेला जा

आपल्याकडे पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे गणपतीच्या तीन-चार दिवस आधी. गंगापूर रोडच्या किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून तो कळतही नाही. पण मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी ही गावे आता महापालिकेच्या हद्दीत असली तरी तिथे शेती आहे आणि गोठेही आहेत. दुपारनंतर जा. सकाळी बैल धुतले जातात, दुपारी सजवले जातात. शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बाशिंग. संध्याकाळी वाजत-गाजत मारुतीच्या देवळापर्यंत मिरवतात, मग घरोघरी पूजा आणि पुरणपोळी.

दोन गोष्टी सांभाळा. बैलाच्या मागून जाऊ नका आणि फटाक्यासारखा आवाज करू नका. रोजच्यापेक्षा वेगळ्या गोंगाटाने बैल आधीच बिचकलेला असतो. फोटो काढण्यापूर्वी मालकाला विचारा. विचारलेत तर तो स्वतः बैलाचे नाव सांगून त्याला नीट उभा करील. घरी लहान मूल असेल तर बाजारातून मातीची बैलजोडी आणा आणि शेजाऱ्यांकडे पूजेला घेऊन जा. नव्या इमारतीत ओळख करून घ्यायला याहून चांगले निमित्त मिळत नाही.

गणपती: घरातला, गल्लीतला, मिरवणुकीतला

दहा दिवसांचे तीन भाग करा, म्हणजे धावपळ होत नाही.

पहिला भाग घरचा. मूर्ती चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी घ्यायला निघू नका. आठ-दहा दिवस आधी गंगापूर रोडवरच्या डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर किंवा तुमच्या भागातल्या स्टॉलवर जाऊन ठरवा आणि नाव लावून या. शाडूची हवी असेल तर तसे स्पष्ट विचारा. शाडूची मूर्ती त्याच आकाराच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीपेक्षा हाताला जड लागते, आणि घरच्या बादलीत काही तासांत विरघळते. प्लास्टरची आणली असेल तर महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देते. ते पाण्यात मिसळून त्यात मूर्ती दोन दिवस ठेवायची. प्लास्टर विघटित होऊन तळाला कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, ते पातळ करून झाडांना घालता येते. अमोनियाचा वास उग्र असतो, म्हणून बादली गच्चीवर किंवा गॅलरीत ठेवा, मुलांच्या हाताला लागेल अशी नको.

नदीत विसर्जन करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. शहरात कृत्रिम तलाव केले जातात. गोदाकाठी विद्यार्थी कृती समितीची मुले ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत मूर्ती स्वीकारतात. आपण आरती करून, पाण्याचा स्पर्श करवून मूर्ती त्यांच्या हाती द्यायची. कॉलेजातली ही मुले दिवसभर पावसात उभी असतात. त्यांना पाण्याची बाटली, चहा द्यायला जरूर जा. जमले तर दोन तास त्यांच्याबरोबर उभे राहा. गोदावरीची काळजी बोलण्यात सगळेच करतात, ही मुले ती प्रत्यक्ष करतात.

दुसरा भाग गल्लीतला. आरास बघायला तिसऱ्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत, रात्री आठनंतर निघा. गाडी घरी ठेवा. सिटीलिंकच्या शहर बसने सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरा आणि चालायला लागा. महात्मा गांधी रोडवरून मेनरोड, तिथून भद्रकाली, मग दहीपुलाकडे उतरून सराफ बाजार आणि वर रविवार कारंजा, अशी फेरी दोन-अडीच तासांत निवांत होते. रविवार कारंजावर चांदीचा गणपती आहे. अशोकस्तंभाकडे ढोल्या गणपती, भद्रकालीत साक्षी गणपती. ही उत्सवापुरती मांडलेली आरास नव्हे, वर्षभराची देवळे आहेत, त्यामुळे गर्दी वाटली तर नंतर कधीही जा. आनंदवल्लीचा नवश्या गणपती गोदावरीच्या काठावर आहे. तिथे रात्री नको, सकाळी लवकर जा.

याच फेरीत तिळभांडेश्वर गल्लीतूनही जा. सावरकर बंधू आणि त्यांच्या मित्रांचा मित्रमेळा १९०० च्या सुमारास या भागात सुरू झाला. गणेशोत्सव, शिवजयंती, मेळ्यांची पदे यांतून त्यांनी तरुण जमवले, आणि १९०४ मध्ये त्यातूनच अभिनव भारत ही क्रांतिकारी संघटना उभी राहिली. लोकमान्यांनी सार्वजनिक उत्सव का सुरू केला हे पुस्तकात वाचलेले असते, त्याचा शहरावर काय परिणाम झाला ते या अरुंद गल्लीत उभे राहिल्यावर जास्त कळते.

फेरीत पोटाचीही सोय होते. बुधा हलवाईची जिलेबी, सायंतारा साबुदाणा वडा, कोंडाजी चिवडा ही नावे कोणालाही विचारा. मिसळ मात्र सकाळी खायची गोष्ट आहे. रात्री आराशीनंतर मिसळ शोधत फिरू नका.

ढोलाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नाशिकचे नाव देशभर ज्या आवाजाने गेले तो हा. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून संध्याकाळी गोदाकाठी, मोकळ्या मैदानांवर, मंगल कार्यालयांच्या आवारात पथकांचा सराव चालू असतो. नव्या माणसाला पथके घेतात. अनुभव विचारत नाहीत, रोज येणार का एवढे विचारतात. पण वादनासाठी आषाढातच जायला हवे. भाद्रपद उजाडल्यावर गेलात तर ढोल हाती येणार नाही, ध्वज किंवा पाणी वाटण्याचे काम मिळेल. तेही घ्या. पहिले काही दिवस टिपरू (ढोल वाजवायची काठी) धरून बोटांना फोड येतात, म्हणून जुने वादक बोटांना चिकटपट्टी गुंडाळतात. कमरेचा पट्टा नीट आवळलेला नसेल तर पाठ धरते. आधी ठेका हाताने मांडीवर बसवतात, मग ढोलावर. ताशा शिकायला त्याहून जास्त वेळ लागतो, कारण सगळे पथक ताशाच्या इशाऱ्यावर चालते. मुली, बायका आता प्रत्येक पथकात मोठ्या संख्येने आहेत. घरच्यांना काळजी वाटत असेल तर त्यांना एकदा सरावाला घेऊन जा.

ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. ढोलाच्या ओळीपासून दहा-पंधरा पावले लांब उभे राहा आणि लहान मुलांच्या कानात कापूस घाला. तान्ह्या बाळाला नेऊच नका.

तिसरा भाग अनंत चतुर्दशीचा. मुख्य मिरवणूक जुन्या नाशिकमधल्या वाकडी बारवेपासून निघते. भद्रकाली, गाडगे महाराज पुतळा, मेनरोड, धुमाळ पॉइंट, महात्मा गांधी रोड, मेहेर सिग्नल, अशोकस्तंभ, रविवार कारंजा असे करत होळकर पुलावरून पंचवटीत आणि शेवटी गंगाघाटावर जाते. या रस्त्यावर दुपारनंतर वाहन चालत नाही, म्हणून त्या दिवशी स्टेशनला किंवा दवाखान्यात जायचे असेल तर वळसा घालायचा रस्ता आदल्या दिवशीच बघून ठेवा.

उभे कुठे राहायचे? कुटुंब बरोबर असेल तर महात्मा गांधी रोड ते मेहेर सिग्नल हा टप्पा बरा. रस्ता रुंद आहे, बाजूला सरकता येते, बाहेर पडायला गल्ल्या आहेत. मेनरोडवर जुन्या वाड्यांच्या मधून ढोलाचा आवाज घुमतो, तो अनुभव वेगळाच, पण तिथे गर्दीत अडकलात तर तासभर हलता येत नाही. ते तरुणांसाठी ठेवा. गुलालवाडी व्यायामशाळेचे लेझीम पथक चुकवू नका. डीजेच्या भिंती पुढे जाऊ द्या आणि लेझीम, झांजा, ढोल असलेल्या मंडळांसाठी थांबा. चार वाजता पोहोचून सातला निघालात तर भरपूर बघून होते. नाशिकरोडला राहत असाल तर शहरात यायची गरजच नाही, तिकडची स्वतःची मिरवणूक असते.

मुलाच्या खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. दागिने घरी. जुने बूट घाला. चप्पल गर्दीत तुटते किंवा राहून जाते.

पितृपक्षाचे पंधरा दिवस: डोंगर बघा

गणपती गेल्यावर शहर एकदम शांत होते. खरेदी थांबते, मंगल कार्यालये ओस पडतात. रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर मात्र गजबजलेले असतात, कारण श्राद्धविधीसाठी देशभरातून लोक येतात. कोणी पाहुणे येणार असतील तर पंचवटी-त्र्यंबकच्या खोल्या आधीच ठरवा. आणि घाटावर विधी चालू असतील तिथे फोटो काढू नका. कोणाच्या तरी घरचे दुःख ताजे असते.

रिकाम्या रविवारी अंजनेरीला जा. त्र्यंबक रस्त्यावर, शहरापासून साधारण २० किलोमीटर. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून लोक वर्षभर जातात, पण भाद्रपदात त्या पठारावर रानफुले असतात. कंदीलपुष्पाची एक जात शास्त्रज्ञांनी याच डोंगरावरून जगाला दाखवली. २००६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि तिच्या शास्त्रीय नावात अंजनेरी आहे. छोट्या कंदिलासारखे दिसणारे हे फूल अगदी थोड्या जागेत उगवते. म्हणून मळलेली वाट सोडू नका, गवतात बसून पंगत मांडू नका आणि एकही फूल तोडू नका. पहाटे निघा, दुपारपर्यंत खाली या. धुके उतरले की पठारावर वाट सापडत नाही.

पक्षी बघायला निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला जायची घाई करू नका. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा, २०२० मध्ये जाहीर झालेली. पाहुणे पक्षी यायला ऑक्टोबरपासून सुरुवात होते आणि खरी गर्दी थंडीत होते.

नवरात्र: कालिका आधी, गड नंतर

नाशिकचे ग्रामदैवत कालिका. मंदिर मुंबई नाक्याजवळ जुन्या आग्रा रस्त्यावर आहे आणि नवरात्रात तिथे नऊ दिवस यात्रा भरते. पाळणे, बांगड्यांची दुकाने, खेळणी, खाऊ, पूजेच्या साहित्याच्या पाट्या. मंदिरासमोरचा रस्ता वाहनांना बंद असतो. दर्शन आणि यात्रा या दोन वेगळ्या फेऱ्या ठेवा. दर्शनाला पहाटे, दुसऱ्या-तिसऱ्या माळेला जा. त्या वेळी अनवाणी चालत येणाऱ्या बायकांचे घोळके दिसतात, रस्त्यावर गार हवा असते आणि रांग भरभर सरकते. यात्रेला संध्याकाळी मुलांना घेऊन या, रविवार सोडून. सप्तमी, अष्टमीला रांग फार लांबते.

मग गड. सप्तशृंगी म्हणजे साडेतीन पीठांतले अर्धे पीठ. कळवण तालुक्यात, नाशिकपासून ६० किलोमीटरच्या आसपास. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात: ‘वणीची देवी’ म्हणतात म्हणून वणी गावात उतरतात. वणी गाव वेगळे आहे. गडाचा पायथा नांदुरी, तो वणीच्या पुढे, आणि नांदुरीपासून वर सुमारे १० किलोमीटरचा घाट. नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात. तिथून एसटीच्या बसने वर जायचे. म्हणून स्वतःची गाडी नेण्यापेक्षा नाशिकहूनच एसटीने निघा. यात्रेसाठी जादा बस सोडतात.

गडावर गावातून मंदिरापर्यंत सुमारे ५०० पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. तिची रांग सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांपेक्षा जास्त वेळ घेते, तेव्हा ज्यांना चढता येते त्यांनी चढावे आणि ट्रॉली म्हाताऱ्या माणसांना सोडावी. देवीची मूर्ती कड्यातच कोरलेली, अठरा हातांची, माणसापेक्षा उंच. वर्षानुवर्षे चढलेला शेंदराचा जाड थर काढून २०२२ च्या नवरात्रात तिचे मूळ रूप दर्शनाला खुले झाले. त्याआधी गडावर जाऊन आलेल्यांनीही पुन्हा जावे असे मला मनापासून वाटते. चेहऱ्याचे, हातांतल्या आयुधांचे कोरीवकाम आता दिसते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आणि रात्री दिंडोरी-वणी रस्त्यावर गाडी चालवणार असाल तर वेग अगदी कमी ठेवा. गावोगावचे तरुण गडावरून ज्योत पेटवून घेतात आणि आपल्या गावच्या देवीपर्यंत पळत नेतात. हातात मशाल, पाय अनवाणी, मागे एखादा टेम्पो. काळोखात वळणावर हे अचानक समोर येतात. हॉर्न वाजवू नका, मागे थांबा. नवमीच्या मध्यरात्री गडाच्या शिखरावर, जिथे जायला धड वाट नाही, तिथे दरेगावचे मानकरी कीर्तिध्वज लावतात. तो सोहळा खालूनच बघायचा असतो. मागे चढून जायचा विचारही करू नका.

गडाची गर्दी झेपणार नाही असे वाटले तर चांदवडची रेणुका आहे, आग्रा महामार्गालगत. येवल्याजवळ कोटमगावची जगदंबा आहे. तिथे नऊ दिवस घटी बसणाऱ्या बायका मंदिराच्या आवारातच मुक्काम करतात. जवळच हवे असेल तर भगूरची रेणुकामाता. तिथे गेलात तर सावरकरांचे जन्मघरही पाहून होते.

घरी घट बसवायचा असेल तर साहित्य भांडी बाजार आणि भद्रकालीच्या बाजूला मिळते. तांब्याचा कलश घ्यायचा असेल तर भांडी बाजारात चार दुकाने फिरा, हातात घेऊन वजन बघा. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी जुन्या काळापासून नावाजलेली आहेत, आणि पातळ पत्र्याचा कलश एका वर्षात पोचे पडून बसतो. परडीत काळी माती, त्यात धान्य, वर कलश, रोज एक माळ. पाणी बेताने शिंपडा. जास्त झाले की धान्य कुजते.

गरबा-दांडियाचे मोठे कार्यक्रम लॉन्सवर असतात, त्यांचे पास आधी घ्यावे लागतात. मला विचाराल तर त्यापेक्षा सोसायटीतला भोंडला शोधा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाजावरून पदार्थ ओळखताना शेजारच्या काकू आणि नव्याने आलेली सून एका क्षणात बोलायला लागतात. सिडको, सातपूरच्या खानदेशी घरांमध्ये याच सुमारास भुलाबाई बसते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत. बोलावले तर नक्की जा, आणि जाताना तुमच्याकडची खिरापत न्या.

गांधीनगरचे नवरात्र मात्र चुकवू नका. केंद्र सरकारच्या मुद्रणालयामुळे तिथे उत्तर भारतातली आणि बंगालमधली कुटुंबे येऊन राहिली. त्यांनी सुरू केलेली दुर्गापूजा आणि रामलीला आता साऱ्या शहराची झाली आहे. रामलीलेतले कलाकार हौशी, दिवसा नोकरी आणि रात्री रंगमंच. लहान मुलांना रामायण सांगायचे असेल तर दोन-तीन रात्री तिथे घेऊन जा. पूजेच्या मंडपात षष्ठीपासून दशमीपर्यंत केव्हाही जाता येते; अष्टमीची आरती सर्वात देखणी.

दसरा

झेंडू आदल्या दिवशी सकाळी घ्या. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी स्वतः क्रेट घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. मोगलाईत या गावाला गुलशनाबाद म्हणत, आणि फुलांचा बाजार अजूनही भरघोस आहे. संध्याकाळी भाव पडेपर्यंत वाट बघत बसू नका. न विकलेली फुले तिथेच टाकून जाणारा शेतकरी बघितला की ती घासाघीस नकोशी होते.

आपट्याची पाने घेताना दोन मिनिटे थांबून बघा. बाजारात कांचनाची पाने आपटा म्हणून सर्रास विकतात. कांचनाचे पान मोठे आणि पातळ, आपट्याचे लहान, जाडसर. एक फांदी मोडून आणण्यापेक्षा चार पाने पुरतात. सकाळी यंत्रांची, वाहनांची पूजा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आदल्या दिवशीच खंडेनवमीला ती होते, आणि ओळखीचे कोणी तिथे कामाला असेल तर त्या दिवशी कारखाना आतून बघायला मिळतो.

संध्याकाळी रावणदहन. गांधीनगरच्या मैदानावर मोठी गर्दी होते, रामकुंडाच्या बाजूलाही दहन होते. मैदानात पुढे घुसू नका. पुतळ्यातले फटाके कुठल्याही दिशेला उडतात. मागे, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा आणि दहन झाल्या झाल्या न निघता अर्धा तास तिथेच थांबा. बाहेर पडणारी पहिली गर्दी ओसरू द्या. मग सोने द्यायला थोरामोठ्यांकडे. नवीन शहरात आपले थोर कोण, असा प्रश्न पडतो. घरमालक, वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा, कामावरचे वरिष्ठ. न बोलावता गेले तरी चालते असा हा एक दिवस आहे.

कोजागरी

बहुतेक इमारतींच्या गच्चीवर दूध आटवायचा बेत असतो. तुम्ही नवे असाल तर पातेले आणि शेगडीची जबाबदारी घ्या. दुधाची मागणी दोन दिवस आधी डेअरीवर नोंदवा, त्या दिवशी संध्याकाळी मिळत नाही. जायफळ बेताने घाला. केशर नसले तरी चालते, चारोळी मात्र हवी.

गडावरची कोजागरी वेगळी. ठिकठिकाणचे कावडधारी नद्यांचे पाणी खांद्यावरून चालत गडावर आणतात, त्या पाण्याने देवीला अभिषेक होतो. महाराष्ट्रातून आणि बाहेरूनही तृतीयपंथी भाविक या रात्री गडावर जमतात. ही रात्र त्यांच्या श्रद्धेची आहे. रोखून बघू नका, परवानगीशिवाय मोबाइल समोर धरू नका. बरोबरीने रांगेत उभे राहा, समोरून नमस्कार आला तर नमस्कार करा.

गडावर त्या रात्री थंडी आणि वारा दोन्ही असतात, म्हणून शाल आणि कानटोपी घ्या. मुक्कामाची खोली आधी ठरलेली नसेल तर राहायचा विचार सोडा. उतरायच्या बसची वेळ वर पोहोचल्यावर लगेच स्थानकात विचारा, आणि रांग लांब दिसली तर दर्शनाआधीच पोटात काही घाला.